ॲव्हरेजवाले भाऊजी

माझ्या थोरल्या बहिणीचं, लीलाताईचं लग्न ठरलं तेव्हा मुलाकडच्यांनी सांगितलं होतं की मुलगा दिल्लीत केंद्र सरकारच्या गाड्या सांभाळतो. आमच्या भंडाऱ्याहून केंद्र सरकार फार लांब दिसायचं, त्यामुळे आम्ही डोळ्यांसमोर थेट मंत्र्यांच्या गाड्या आणल्या. ताई पहिल्या माहेरपणाला आली तेव्हा खुलासा झाला. भाऊजी एका सरकारी वर्कशॉपमध्ये होते, आणि एक लिटर पेट्रोलमध्ये गाडी किती किलोमीटर जाते ते बघणं हे त्यांचं काम होतं. लोक याला ॲव्हरेज म्हणतात. भाऊजींच्या तोंडी तो शब्द इतर लोकांच्या तोंडी देवाचं नाव यावं तसा यायचा, आणि देव ते मानत नसल्यामुळे ती जागा मोकळीच होती.

त्यांचं नाव वाल्मीक मेश्राम. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर. ॲव्हरेज मोजायची पद्धत अशी, की गाडीची टाकी बंद करायची, लिटरची काचेची बाटली पेट्रोलने भरायची, तिची रबरी नळी इंजिनाला जोडायची आणि ड्रायव्हरशेजारी बाटली धरून बसायचं. पेट्रोल संपलं की गाडी जिथे असेल तिथे थांबते. मग उतरून आकडा वाचायचा. ताईला दिल्ली दाखवताना ते सांगत, "या चौकात जॉइंट सेक्रेटरीसाहेबांची गाडी संपली होती." तिला दिल्लीचे रस्ते अजून त्याच हिशेबाने आठवतात.

पुढे मलाही दिल्लीतच एका केंद्रीय मंत्रालयात नोकरी लागली आणि क्वार्टर मिळेपर्यंत मी सरोजिनी नगरला त्यांच्याकडेच राहिले. रविवारी सकाळी त्यांच्या क्वार्टरसमोर स्कूटरची रांग लागायची. सेक्शन ऑफिसर, शिपाई, एकदा तर एक डेप्युटी सेक्रेटरी बनियनवर. "मेश्राम साब, बहुत पीती है," एवढंच म्हणायचं. स्कूटरबद्दलच म्हणायचे ते. भाऊजी स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि दांडा कानाला लावून ऐकायचे, आणि थोड्या वेळाने स्कूटर पुण्यवान होऊन परत जायची.

त्यांचं शास्त्र मला त्यांनी चहा पिता पिता शिकवलं होतं, मी विचारलेलं नसताना. इंजिनात पेट्रोल एकटं जळत नाही, हवेबरोबर जळतं. एक भाग पेट्रोलला साधारण पंधरा भाग हवा वजनाने मिळाली की सगळं जळून जातं, काही उरत नाही. पेट्रोल अजून थोडं कमी केलं तर गाडी जराशी मरगळते, पण ॲव्हरेज वाढतं. त्याहूनही कमी केलं की इंजिन तापतं आणि अडखळतं. त्या अडखळण्याच्या अलीकडे, अगदी कडेवर, गाडी आणून ठेवायची, ही भाऊजींची कला. संसारही त्यांनी तिथेच आणून ठेवला होता. ताई गॅस मोठा करून गेली की ते मागून जाऊन बारीक करत.

आता जेटबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या कार्बोरेटरमध्ये पितळेचा एक छोटा तुकडा असतो, त्याच्या मधोमध बारीक भोक. तो जेट. पेट्रोल त्या भोकातून येतं. भोकाचा आकार जेटवर नंबर म्हणून ठोकलेला असतो. नंबर मोठा, तर भोक मोठं. पेट्रोल कमी करायचं तर लहान नंबरचा जेट हवा, आणि सरकारी वर्कशॉपमध्ये नवा जेट मागवला की तो येईपर्यंत गाडी भंगारात निघायची. म्हणून तिथे एक उपाय चालत आला होता. आहे त्याच जेटचं भोक झाळणाने, म्हणजे वितळवलेल्या कथलाने, बुजवायचं आणि केसासारख्या बारीक ड्रिलने पुन्हा, आधीपेक्षा लहान पाडायचं. भाऊजी हे काम भिंगाखाली, श्वास रोखून करायचे. बाहेर नंबर जुनाच राहायचा. वर लिहिलेलं एक आणि आत दुसरंच, याचं सरकारी खात्यात कोणाला काही वाटत नाही.

मग देशात मोकळं वारं आलं. परदेशी नावांच्या गाड्या आल्या, हप्त्यांवर मिळू लागल्या, आणि भाऊजी निवृत्त झाले. सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडून ते दिल्लीतल्याच द्वारकेला सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. तेव्हा द्वारका म्हणजे रुंद रस्ते, पाण्याचे टँकर आणि मेट्रो येणार म्हणून खणलेले खड्डे. भाऊजी पहिल्या रविवारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली जाऊन उभे राहिले. कोणी आलं नाही. त्या नव्या गाड्यांची बॉनेट उघडायची मालकांनाच भीती वाटायची. कंपनीने दम दिला होता की हात लावलात तर वॉरंटी जाईल. दुसऱ्या रविवारीही ते खाली गेले. मग जाईनासे झाले. ताई म्हणाली, बरं झालं, शर्ट तरी स्वच्छ राहतील. मला मात्र वाईट वाटलं.

समता ही त्यांची एकुलती एक मुलगी. दिल्लीत वाढलेली, 'सोलणं' म्हणायचं असलं की 'छिलणं' म्हणणारी, आणि स्वभावाने बापासारखी हट्टी. मेकॅनिकल इंजिनिअर झाली. भाऊजींच्या मनात मात्र तिने सरकारी परीक्षा द्यावी हे ती पाळण्यात होती तेव्हापासून होतं. याला हसू नका. आमच्या घरांना शेतं नव्हती. भाऊजींचे वडील तुमसरला विड्या वळायचे. सरकारी खुर्ची मिळाली तेव्हा आमची पहिली पिढी पाठ टेकून बसली. दिल्लीतल्या मुनिरक्याच्या खोल्यांमधून परीक्षेचा अभ्यास करणारी आपल्याकडची मुलं रविवारी ताईकडे जेवायला यायची. "जयभीम काकाजी," म्हणून आत यायची आणि वरणभात खाता खाता जिल्हाधिकाऱ्याच्या अधिकारांवर बोलायची. भाऊजी त्यांना तूप जास्त वाढत. समताला म्हणत, "नुसती बस त्यांच्यात. कानावर तर पडू दे."

ती बसली नाही. तिने गुडगावला भल्ला नावाच्या माणसाकडे नोकरी धरली. भल्लाची एक पत्र्याची शेड होती आणि तिथे तो जुन्या साध्या गाड्यांना टर्बो बसवून त्या वेगवान करून द्यायचा. नवा पैसा आलेल्या मुलांना ते हवं होतं. टर्बोला पेट्रोल किती द्यायचं हे ठरवणं समताचं काम.

टर्बो म्हणजे काय, हे तिने एकदा जेवताना आम्हाला सांगितलं. इंजिनातून निघणारा गरम धूर एरवी वाया जातो. त्याच्या वाटेत एक पंखा बसवायचा. तो फिरला की त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त.

"धूर फुकट, हवा फुकट," भाऊजी खूश होऊन म्हणाले. "ॲव्हरेज चांगलं येत असेल."

"पप्पा, तिथे ॲव्हरेज कोणी विचारत नाही."

भाऊजींनी हातातला घास ताटात ठेवला. "पेट्रोल किती देतेस तू?"

"नॉर्मल चालताना तुमच्यासारखंच. पण हवेचं प्रेशर चढलं की बारा भाग हवेला एक. कधी त्याहून थोडं जास्तच."

"पंधराला एक पुरतं. वरचं जळणारच नाही."

"जळायला देतच नाही मी ते. थंड करायला देते."

"थंड करायला रेडिएटर असतो."

"तो बाहेरून थंड करतो, यार पप्पा. आतमध्ये पिस्टनच्या डोक्यावर कोण जाणार? दाबलेली हवा आधीच गरम. त्यात पेट्रोल कमी पडलं की मिश्रण नको तेव्हा, आपलं आपण पेटतं. पिस्टनवर हातोडे पडतात. दोन-चार सेकंदांत ॲल्युमिनियम वितळून भोक. जास्तीचं पेट्रोल वाफ होताना ती गर्मी खेचून घेतं."

"आणि फारच जास्त झालं तर?"

"तरी वाईटच. काळा धूर, ताकद कमी, सिलिंडरच्या आतलं ऑइल धुऊन जातं. म्हणून तर हिशेब करावा लागतो. त्याचाच पगार मिळतो मला."

भाऊजी म्हणाले की न जळणारं पेट्रोल इंजिनात टाकणं ही गोष्ट त्यांना पटत नाही. ताई इतका वेळ वाढत होती. ती म्हणाली, "मी डोशाच्या तव्यावर पाणी शिंपडते, ते पाणी कोण खातं?" भाऊजींनी आयुष्यात बायकोचं पुष्कळ ऐकलं, पण इंजिनाबद्दल ऐकायची वेळ आली नव्हती, आणि त्या दिवशीही त्यांनी ती येऊ दिली नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी भल्लाने मोठा बेत आखला. गुडगावजवळ सोहन्याच्या पुढे कोणाची तरी खाजगी धावपट्टी होती. तिथे एका रविवारी गिऱ्हाइकं आणि डीलर बोलवायचे, आणि समताने स्वतः तयार केलेली पांढरी गाडी पळवून दाखवायची. चालवणारही तीच. जमलं तर टर्बोचं सगळं काम तिच्या हाताखाली येणार होतं. पहाटे निघायचं म्हणून शनिवारी तिने गाडी घरीच आणली आणि सोसायटीत खाली लावून ती वर जाऊन झोपली.

पुढचं मला नंतर भाऊजींनी सांगितलं आणि समताने सांगितलं. दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता, म्हणून खरं धरायला हरकत नाही.

दुपारी भाऊजी खाली उतरले. गाडीजवळ पेट्रोलचा वास येत होता. त्यांनी सायलेन्सरच्या नळीत बोट फिरवलं तर काजळी आली. पोरगी हुशार आहे, पण हात सैल आहे, असं त्यांना वाटलं. त्यांनी बॉनेट उघडलं. किती दिवसांनी कोणाचं तरी बॉनेट उघडायला मिळालं होतं, हेही त्यांनी मला सांगितलं, न विचारता. जेट काढला, वर नेला, बाल्कनीत बसून झाळणाने बुजवला आणि भिंगाखाली नवं भोक पाडलं, तिच्या भोकापेक्षा चांगलं लहान. मग जेट परत बसवून द्वारकेच्या मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारली, चाळीसच्या वेगाने. वर्कशॉपात ॲव्हरेज त्याच वेगाने मोजायचे आणि त्याहून जोरात त्यांनी कधी गाडी चालवली नव्हती. गाडी लोण्यासारखी चालली. चालणारच. त्या वेगाला टर्बो झोपलेला असतो. पाय पूर्ण दाबल्याशिवाय तो हवा कोंबत नाही. भाऊजींनी ठरवलं, उद्या गाडी पळून झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, की मग सांगायचं.

माणसाने माया कशी करावी याला काही नियम नाही. पण निदान ज्याच्यावर करायची त्याला सांगून तरी करावी.

रविवारी भाऊजीही तिच्याबरोबर गेले, ताईने दिलेला डबा घेऊन. धावपट्टीच्या कडेला तंबू, खुर्च्या, चहा. समताने आधी दोन फेऱ्या सावकाश मारल्या. तिसऱ्या फेरीला पाय दाबला. गाडी एकदम पुढे झेपावली, लोक उठून उभे राहिले आणि कुणी तरी शिटी मारली.

तो आवाज पहिल्यांदा भाऊजींना ऐकू आला. डब्यात गिट्टी घालून हलवावी तसा. इतरांना वाटलं, गाडीचा जोर आहे. भाऊजी खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "बंद कर." मराठीत, आणि बऱ्याच लांब गेलेल्या गाडीला. लगेच फट् असा आवाज झाला, पांढऱ्या धुराचा लोट आला, चाकांखाली ऑइल सांडलं आणि गाडी आडवी घसरत बाजूच्या बाजरीत शिरली.

भाऊजी पळत पोचले तेव्हा समता आपली आपण बाहेर आली होती. ओठ फुटला होता, बाकी धड होती. ती रडत नव्हती. तिने विचारलं, "पप्पा, काय झालं असेल?"

भाऊजी म्हणाले, "बघू."

सरकारी नोकरीत हा शब्द ते रोज वापरायचे आणि त्याने कोणाला लागलं नव्हतं.

सोमवारी शेडमध्ये इंजिन उघडलं. एका पिस्टनला आरपार भोक पडलेलं. प्लग खडूसारखे पांढरे. म्हणजे पेट्रोल कमी पडलं, हे शेंबडं पोरही सांगेल. समताने जेट काढून नंबर बघितला. तिने बसवलेलाच नंबर होता. भोक साध्या डोळ्यांना दिसतं, पण किती, ते दिसत नाही. त्यासाठी तर नंबर असतो. तेव्हा जेट बरोबर, म्हणजे तिचा हिशेब चुकला. तिने हिशेब पुन्हा केला. तेच उत्तर आलं. पुन्हा केला, तेच आलं. बरोबर उत्तर येत राहिलं तसतसं तिला वाटू लागलं की आपल्याला आपली चूक दिसण्याइतकीही अक्कल नाही.

भल्ला वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "बेटा, दिल छोटा मत करो. किताब में सब सही होता है. तुम काउंटर संभालो, कस्टमर से बात अच्छी करती हो." टर्बोचं काम त्याने दुसऱ्या एका इंजिनिअरला दिलं. त्याने धसका घेऊन प्रत्येक गाडीत इतकं पेट्रोल ओतायला सुरुवात केली की त्या गाड्या गुडगावपासून धौला कुआंपर्यंत काळा धूर सोडत जायच्या. त्यांच्यात ना जोर राहिला ना काही, पण पिस्टन शाबूत.

समता महिनाभरही काउंटरवर टिकली नाही. एका रविवारी, मुनिरक्याची मुलं जेवायला बसलेली असताना, ती म्हणाली, "मी परीक्षेचा फॉर्म भरलाय."

ताईच्या हातातला डाव तसाच राहिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. "समताताई, ऑप्शनल विषय काय घेताय?" एकाने नोट्स द्यायचं कबूल केलं, दुसऱ्याने क्लासच्या सरांचं नाव सांगितलं. ताईने संध्याकाळी मला फोन करून बोलावलं आणि पुढच्या रविवारी पुरण घातलं. मी स्वतः त्या जेवणाला होते. समता पोळी मोडत म्हणाली, "बरं झालं, जल्दी कळलं. मला वाटायचं मला इंजिन समजतं. एकदम मूर्ख होते मी." ती हे हसत म्हणाली, आणि मग तेच ती रोज म्हणू लागली, कधी आईला, कधी मला, कधी नुसतंच. भाऊजी समोर बसून ऐकायचे. पुरणपोळीला त्यांनी हात लावला नव्हता. ताई म्हणाली, आनंदाने पोट भरलं असेल.

पाळण्यातल्या पोरीसाठी मागितलेलं भाऊजींना मिळत होतं. त्यासाठी त्यांना काहीच करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. आणि गप्प बसणं त्यांना उत्तम जमायचं.

मग एका सकाळी दोघं बाल्कनीत चहा पीत होते. समताच्या मांडीवर राज्यघटनेचं पुस्तक होतं. तिने ते मिटलं आणि म्हणाली, "पप्पा, एक विचारू? खरं सांगायचं. तुम्ही जिंदगीभर इंजिनं बघितली. मला त्यातलं समजतं का? मुळात?"

"समजतं," भाऊजी म्हणाले.

"मग पिस्टन का गेला?"

भाऊजींनी कप खाली ठेवला. त्यांना खोटं बोलायची गरजच नव्हती. होतं असं कधी कधी, एवढं म्हणाले असते तरी तिने पुस्तक उघडलं असतं. ते उठले, आत जाऊन भिंग घेऊन आले आणि म्हणाले, "तो जेट कुठे आहे?"

"गुडगावला. शेडमध्ये, डब्यात."

"चल."

बसमध्ये ते भिंग हातात धरून बसले. मला वाटतं, तिला अर्ध्या रस्त्यात कळलं असावं. भल्लाच्या शेडमध्ये तिने डब्यातून जेट काढला, उजेडाकडे धरला आणि भिंगातून पाहिलं. पिवळ्या पितळेच्या आत झाळणाचं करडं कडं होतं आणि त्याच्या मधोमध एक सुबक, गोल, लहान भोक.

"कधी?" तिने विचारलं.

"आदल्या शनिवारी. तू झोपली होतीस."

भल्ला जवळ आला. त्याला सगळं समजायला जरा वेळ लागला. "अंकल, ये क्यों किया आपने?"

"एवरेज के लिए," भाऊजी म्हणाले.

भल्ला दिल्लीचा माणूस. क्षणभर त्याने समजूतदारपणे मान हलवली. मग त्याचा चेहरा लाल झाला. "लड़की मर सकती थी, अंकल!"

"हाँ," भाऊजी म्हणाले. "गलती मेरी है. उसका हिसाब सही था." हे त्यांनी शेडमधल्या बाकीच्यांनाही, एकेकापाशी जाऊन सांगितलं. त्या दुसऱ्या इंजिनिअरलाही सांगितलं. काउंटरवर एक गिऱ्हाईक उभं होतं, त्याचा कशाशी काही संबंध नव्हता, त्यालाही सांगितलं.

बाहेर बसस्टॉपवर आल्यावर समता म्हणाली, "इंजिन गेलं ते ठीक आहे, पप्पा. तुम्हाला माहीत नव्हतं की प्रेशरमध्ये ते चालत नाही. मी सांगितलं होतं, पण तुम्हाला पटलं नव्हतं. ते ठीक आहे."

भाऊजी बस येते का ते बघत होते.

"पण नंतर तर कळलं होतं ना? बाजरीत उभे होतात तेव्हाच कळलं होतं?"

"त्याच्या आधीच. आवाज आला तेव्हा."

"मी रोज तुमच्यासमोर बसून स्वतःला मूर्ख म्हणायचे. तुम्ही ऐकायचात."

"हो."

"का नाही बोललात?"

भाऊजींच्या जागी दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, हिंमत झाली नाही, किंवा तुझ्या ओठातलं रक्त बघून वाचा बसली. ते थोडंसं खरंही असतं. पण भाऊजींना आकडा आला तसा सांगायची सवय.

"तू फॉर्म भरलास म्हणून," ते म्हणाले.

बस आली. समता चढली. भाऊजी पायरीवर पाय ठेवायला गेले तेव्हा ती वळून म्हणाली, "तुम्ही पुढच्या बसने या." ते पुढच्या बसने आले.

घरी आल्यावर त्यांनी ताईलाही सांगितलं, जेटपासून सगळं. ताईचं दुहेरी नुकसान झालं. मुलगी मरता मरता वाचली हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं, आणि मुलगी कलेक्टर होणार नाही हेही त्याच दिवशी कळलं. तिने कशाचा राग धरला हे तिने अजून सांगितलेलं नाही, पण बराच काळ ती भाऊजींशी माझ्यामार्फत बोलायची. "त्यांना विचार, भाजी कोणती आणायची." ते समोरच बसलेले असायचे. मला या माणसाची दया येते, आणि ती येऊन पुरती बसते न बसते तोच इतका संताप येतो की चहाचा कप आपटून ठेवावासा वाटतो. त्यांनी पोरीला इंजिनापाशी जाऊ द्यायचं नव्हतं तर तसं भांडायचं होतं. भांडून हरले असते तरी चाललं असतं.

भल्लाने समताला तिचं काम परत दिलं. तिने पहिल्याच आठवड्यात त्या काळा धूर सोडणाऱ्या गाड्या बोलावून घेतल्या आणि प्रत्येकीचं पेट्रोल मापात आणलं. पांढऱ्या गाडीत दुसरं इंजिन घातलं आणि पुढे ती गाडी स्वतःच घेतली. राहायला मुनिरक्याला गेली, त्याच परीक्षेवाल्या मुलांच्या गल्लीत खोली घेऊन. गुडगावला जायला तिथून सोपं पडतं, असं तिने ताईला सांगितलं. द्वारकेहूनही तसं अवघड नव्हतं.

रविवारी ती जेवायला येते. बापाशी नीट बोलते, हसते, कधी नव्या गाडीतली भानगड सांगून सल्लाही विचारते. परवा मीही तिथे होते. उन्हात चालून तिचा चेहरा लाल झाला होता. मी म्हटलं, "अगं, गाडी आहे ना तुझी? खाली एवढी जागा मोकळी आहे."

"मागच्या सेक्टरमध्ये लावली, मावशी," ती म्हणाली. "तिकडेच ठीक आहे."

भाऊजी पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही. ताईने मला नंतर स्वयंपाकघरात सांगितलं की पहिल्यापासून ती गाडी तिकडेच लावते. भाऊजी रविवारी सकाळपासून बाल्कनीत उभे असतात. मागच्या सेक्टरमध्ये इतक्या गाड्या येतात-जातात, पण तिचं इंजिन थांबलं की त्यांना बरोबर कळतं. मग ते आत येऊन सांगतात, "आली. चालत यायला दहा मिनिटं लागतील," आणि ताई तवा ठेवते.